देवीच्या साथीतील शेजारी : संत जोसेफ वाझ

दिनांक १६ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जोसेफ वाझ ह्यांचा सण साजरा करते. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचे नाव ठाऊक नाही असे एकही कॅथलिक घर आपल्याकडे सापडणार नाही. मात्र गोव्याच्या मातीत जन्मलेला, आपल्याच कोकणपट्टीतला, आपल्यासारखाच भात-पेज खाऊन वाढलेला हा संत मराठी भाविकांना त्या मानाने अपरिचित राहिला आहे. वास्तविक सांगली, मिरज, कुपवाड ह्या परिसरातील भाविकांना त्यांचे गाव दूर नाही. मिरज जंक्शनला वास्कोची गाडी पकडावी, लोंढा आणि कॅसलरॉक मागे टाकून घाट उतरावा आणि मडगावनंतर वास्कोच्या थोडे अलीकडे खिडकीबाहेर पाहावे. सांकवाळ नावाचे लहानसे स्थानक लागते. हेच जोसेफ वाझ ह्यांच्या वडिलांचे गाव. तेथील जुन्या चर्चची केवळ दर्शनी भिंत आज उभी आहे.

जोसेफ ह्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी साष्टी प्रांतातील बाणावली येथे, आजोळी झाला. वडिलांचे नाव क्रिस्तोवाव वाझ आणि आईचे मारिया द मिरांडा. घराणे प्रतिष्ठित, मूळचे ब्राह्मण आणि निष्ठावंत कॅथलिक. प्राथमिक शिक्षण सांकवाळ येथे आणि लॅटिनचे धडे बाणावलीस झाले. पुढे गोवा शहरातील, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यातील, जेज्वीट संघाच्या सेंट पॉल महाविद्यालयात आणि नंतर डॉमिनिकन संघाच्या संत थॉमस अक्वायनस विद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञान व ईशज्ञान ह्यांचा अभ्यास पूर्ण केला. १६७६ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. दीक्षेनंतर त्यांनी पायांतील पादत्राणे काढून ठेवली आणि गोरगरिबांप्रमाणे अनवाणी चालण्यास आरंभ केला. प्रतिष्ठित घरातील तरुण धर्मगुरू अनवाणी हिंडतो, ही गोष्ट त्या काळच्या गोव्यात लोकांच्या डोळ्यांत भरल्यावाचून राहिली नसणार. ५ ऑगस्ट १६७७ रोजी सांकवाळच्या चर्चमध्ये त्यांनी आपणास पवित्र मरियामातेचा दास म्हणून अर्पण केल्याचा दस्तऐवज स्वतःच्या हाताने लिहिला. दास हा शब्द त्यांनी नुसता कागदावर ठेवला नाही, हे पुढील हकीगतीवरून दिसून येईल.

ह्याच सुमारास त्यांच्या कानावर सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची, दुरवस्था आली. डच लोकांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये मन्नार व जाफना पोर्तुगिजांकडून जिंकून घेतले होते. डच हे कॅल्व्हिनपंथी. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना देशाबाहेर घालवले आणि जो कोणी धर्मगुरूस आपल्या घरी आसरा देईल त्यास देहदंड, असे फर्मान काढले. जवळजवळ तीस वर्षे त्या बेटावरील हजारो भाविकांना मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, आजाऱ्यांस अंतिम संस्कार नाही, अशी स्थिती झाली. जोसेफ वाझ ह्यांनी तिकडे जाण्याची तयारी दर्शविली. परंतु वरिष्ठांनी त्यांना आधी कॅनरा प्रांतात पाठविले. १६८१ ते १६८४ ह्या काळात मंगळूर, बसरूर, गंगोळी, कुंदापूर ह्या भागांत त्यांनी चर्चमंदिरे उभारली व विस्कळीत झालेल्या भाविकांस पुन्हा एकत्र आणले. तेथे अधिकारक्षेत्रावरून गोव्याचे महागुरुस्वामी आणि रोमहून नेमलेले बिशप ह्यांच्यात मोठा वाद पेटला होता. ह्या वादात वाझ ह्यांची फार ओढाताण झाली. त्या वादाचा तपशील येथे देण्याचे प्रयोजन नाही.

गोव्यास परतल्यावर ते काही स्थानिक धर्मगुरूंच्या एका लहान समूहात सामील झाले. त्या काळी गोव्यातील युरोपीय संन्यस्त संघांची दारे एतद्देशीय धर्मगुरूंना बंदच असत. म्हणून ह्या गोमंतकीय धर्मगुरूंनी जुन्या गोव्यातील एका टेकडीवरील पवित्र क्रुसाच्या चर्चपाशी एकत्र राहण्यास सुरुवात केली होती. १६८५ मध्ये वाझ त्यांच्यात आले आणि लवकरच त्यांचे प्रमुख झाले. संत फिलीप नेरी ह्यांनी रोममध्ये स्थापन केलेल्या ओरेटरी संघाची जीवनपद्धती त्यांनी स्वीकारली. फिलीप नेरी ह्यांनी सोळाव्या शतकात रोमच्या सामान्य प्रापंचिकांना सोबत घेऊन थकल्याभागल्या यात्रेकरूंची व रुग्णांची सेवा उभी केली होती, हे वाचकांच्या स्मरणात असेल. येथे एक कटू सत्यही नोंदवले पाहिजे. युरोपियनांनी आपणास दारातून परत पाठविले म्हणून जन्मास आलेल्या ह्या गोमंतकीय संघाने पुढे स्वतःची दारे केवळ ब्राह्मण कुळातील उमेदवारांनाच उघडी ठेवली. जातीचे हे ओझे आपल्या ख्रिस्तसभेने किती काळ वाहिले आणि अजूनही काही ठिकाणी किती वाहत आहोत, ह्याचा विचार प्रत्येकाने करावा. जोसेफ वाझ ह्यांनी मात्र त्या ओझ्यावर आपल्या परीने उपाय शोधला. तो उपाय म्हणजे हमालाचा वेष.

१६८६ मध्ये प्रमुखपद सोडून ते जुवांव नावाच्या आपल्या विश्वासू सेवकासह दक्षिणेकडे निघाले. तुतीकोरिन येथे त्यांनी तमिळ भाषेची तोंडओळख करून घेतली. धर्मगुरूचा झगा उतरवला, कमरेला मजुराचे वस्त्र गुंडाळले आणि १६८७ साली एका गलबतावर चढले. वाटेत वादळाने गाठले, उपासमार झाली. जाफन्यास पोहोचेपर्यंत प्रकृती पार ढासळली होती. त्यांना आमांशाने घेरले. रोग पसरेल ह्या भीतीने दोघांनाही गावाबाहेर रानातल्या एका खोपटात राहावे लागले. त्यांच्या चरित्रांत असे सांगितले जाते की, कोणी एक दयाळू स्त्री रोज त्यांच्यासाठी तांदळाची पेज घेऊन येत असे आणि त्या पेजेवर ते दोघे जगले. त्या स्त्रीचे नाव चरित्रकारांनी दिलेले नाही. दहा वर्षांनंतर कँडी येथे जे घडले त्याची गुरुकिल्ली ह्या पेजेत आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. रोगी म्हणून रानात टाकून दिले जाणे म्हणजे काय, हे वाझ ह्यांनी प्रथम स्वतःच्या देहावर सोसले होते.

बरे झाल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो भाविक शोधण्याचा. कॅथलिक लोक भीतीने दडून होते; उघड विचारावे तर फाशीचा फास. वाझ ह्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि भिकाऱ्याप्रमाणे दारोदार भीक मागत हिंडू लागले. जपमाळेकडे पाहून ज्या घरातील माणसांची नजर बदलली ते घर त्यांनी मनात टिपून ठेवले. अशा रीतीने ओळख पटत गेली. पुढे सिल्लालै नावाच्या कॅथलिक गावात त्यांना आश्रय मिळाला. रात्री मिस्सा, रात्रीच पापनिवेदन, पहाटे दुसऱ्या गावी पायपीट, असा त्यांचा क्रम सुरू झाला. डच अधिकाऱ्यांस सुगावा लागला, छळ वाढला, तेव्हा १६९० मध्ये ते कँडीच्या स्वतंत्र राज्यातील पुत्तलम येथे गेले.

ह्या सर्व हिंडण्यात त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. संपूर्ण बेटावर धर्मगुरू एकच, आणि तोही लपतछपत फिरणारा. एका गावी गेलेला धर्मगुरू त्याच गावी पुन्हा कधी येईल ह्याचा नेम नाही. मधल्या काळात माणसे जन्मणार, आजारी पडणार, मरणार. तेव्हा त्यांनी प्रत्येक वस्तीत प्रापंचिकांपैकीच जबाबदार माणसे नेमली. वस्तीच्या प्रमुखास मूप्पू आणि प्रार्थना चालविणाऱ्यास, धर्मशिक्षण देणाऱ्यास अण्णावी म्हणत. रविवारी लोकांना एकत्र जमविणे, मुलांना प्रार्थना शिकविणे, मरणोन्मुख बालकास बाप्तिस्मा देणे, कोण आजारी आहे त्याची खबर ठेवून धर्मगुरू येताच त्यास कळविणे, ही कामे ही माणसे करीत. ह्यांतील बहुतेक जण शेतकरी, कोळी, कारागीर. त्यांस वेतन नव्हते. उलट पकडले गेल्यास दंड आणि फटके ठरलेले.

आपल्याकडे कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी पोटापाण्यासाठी आलेली ख्रिस्ती कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत विखुरलेली असतात. चर्च काही मैलांवर, धर्मगुरू आठवड्यातून एकदा भेटणार. अशा ठिकाणी कोणत्या खोलीत म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, कोणाची पाळी सुटली म्हणून घरात चूल पेटलेली नाही, हे धर्मगुरूला आपोआप कळत नाही. ते शेजाऱ्याला कळते. पुष्कळदा धर्मग्रामातील सेवाकार्य म्हणजे वार्षिक वर्गणी आणि नाताळच्या वेळी वाटलेले धान्य, एवढ्यावरच आपण समाधान मानतो. वाझ ह्यांच्या योजनेत वर्गणीपेक्षा खबर ठेवण्याला अधिक महत्त्व होते.

१६९२ मध्ये ते राजधानी कँडी येथे गेले. राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा बौद्धधर्मीय व स्वभावाने उदार होता. परंतु दरबारातील एका कॅल्व्हिनपंथी फ्रेंच माणसाने वाझ हे पोर्तुगिजांचे हेर आहेत अशी चुगली केली आणि त्यांस कैदेत टाकण्यात आले. सुरुवातीची कडक कैद हळूहळू सैल झाली. ह्या काळात त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली आणि आवारातच एक साधी झोपडी उभारून तिचे प्रार्थनामंदिर केले. पुढे मोठा दुष्काळ पडला. राजाच्या सांगण्यावरून वाझ ह्यांनी भर चौकात वेदी मांडून, क्रूस उभारून प्रार्थना केली आणि मुसळधार पाऊस कोसळला. वेदी व प्रार्थना करणारे वाझ मात्र कोरडे राहिले, अशी परंपरा आहे. राजाने त्यांस मोकळे केले व राज्यात धर्मसेवेची परवानगी दिली. सणाच्या प्रवचनांत हाच प्रसंग बहुधा सांगितला जातो, पवित्र चित्रांतही हाच दाखविला जातो. तो सांगू नये असे मी म्हणणार नाही. पण पाऊस एका दिवसात पडून गेला. त्यानंतर जे घडले ते अनेक महिने, रोज सकाळी उठून करावे लागले.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. ज्या वाचकांचे वय साठीच्या पुढे आहे त्यांच्या दंडावर देवीच्या लसीचा वण असेल. तरुणांना हा रोग आता केवळ ऐकून ठाऊक. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. वाझ ह्यांच्या काळी लस नव्हती. जेन्नर ह्यांचा शोध आणखी शंभर वर्षांनी, १७९६ साली लागावयाचा होता. आधी कडकडून ताप, डोके आणि कंबर फुटल्यासारखी दुखणे, मग तोंडावर, हातापायांवर पुरळ, त्यांचे पुवाने भरलेले फोड, आणि फोड फुटू लागले की असह्य दुर्गंधी. दहांपैकी तीन रोगी दगावत. जगले तर चेहऱ्यावर व्रण, कित्येकांची दृष्टी कायमची गेलेली. रोग्याच्या श्वासातून, त्याच्या कपड्यांतून तो पसरे. ज्याला एकदा देवी येऊन गेल्या त्याला सहसा पुन्हा येत नसत. बाकी सर्वांना, मग तो सरदार असो की गुराखी, धोका सारखाच.

शहरात पळापळ झाली. राजा राजधानी सोडून गेला. ज्यांना शक्य होते तेही गेले. घरात एखाद्याच्या अंगावर फोड दिसले की त्यास रानात नेऊन सोडण्यात येई. ही माणसे क्रूर होती असे समजण्याचे कारण नाही. मागे राहिलेल्या लेकरांना वाचवायचे तर दुसरा मार्ग त्यांना ठाऊक नव्हता. आपणही अलीकडे, २०२० आणि २०२१ साली, आपल्याच सोसायटीच्या जिन्यात शेजाऱ्याच्या दाराकडे पाहताना कसे पाऊल मागे घेत होतो, ते आठवावे. रानात टाकलेला रोगी तापाने आधी मरत नसे. तहानेने, भुकेने मरे, किंवा जनावरांच्या तोंडी पडे.

जोसेफ वाझ शहर सोडून गेले नाहीत. त्यांच्यासोबत त्यांचे भाचे, ओरेटरी संघाचेच धर्मगुरू जोसेफ द कार्व्हालो हे होते. ते थोड्याच काळापूर्वी गोव्याहून आले होते. मामा-भाचे रोज सकाळी निघत. घरोघरी आणि रानात टाकलेले रोगी शोधत. त्यांच्यासाठी झोपड्या उभारीत, पाणी पाजीत, पेज भरवीत, फोड धूत, अंथरूण बदलीत. जे मरत त्यांच्यासाठी खड्डे खणून त्यांस मूठमाती देत. रोगी बौद्ध आहे की ख्रिस्ती, सिंहली आहे की तमिळ, हे विचारून सेवा करण्याची पद्धत तेथे नव्हती. ज्यांची इच्छा होती त्यांना संस्कार मिळाले. ज्यांची नव्हती त्यांनाही पेज मिळाली. साथ ओसरेपर्यंत हा क्रम चालू राहिला.

ह्या सेवेत अलौकिक असे काही नव्हते आणि हाच भाग मला विशेष वाटतो. देवीवर औषध त्यांच्यापाशी नव्हते, कोणापाशीच नव्हते. त्यांनी दिले ते पाणी, पेज, स्वच्छता आणि सोबत. आजचे वैद्यकशास्त्रही सांगते की, ज्या रोगावर औषध नाही त्यात पाणी, अन्न आणि शुश्रूषा मिळाल्याने कितीतरी रोगी तरून जातात. ही कामे करण्यास गुरुदीक्षा लागत नाही, पदवीही लागत नाही. दहा वर्षांपूर्वी जाफन्याच्या रानात एका अनामिक स्त्रीने हेच केले होते.

साथ सरल्यावर राजाच्या व दरबाराच्या मनात ह्या दोन धर्मगुरूंविषयी मोठा आदर निर्माण झाला. ज्या कॅथलिक समाजाकडे परकीयांचे हस्तक म्हणून पाहिले जात होते, तो समाज शेजारी म्हणून ओळखला जाऊ लागला. ही गोष्ट वादविवादाने साधली नसती. ह्याच सुमारास वाझ डचांच्या ताब्यातील कोलंबोतही वेषांतर करून जात, रात्री घरोघरी संस्कार देत व शोध सुरू होण्याआधी निसटत.

हळूहळू गोव्याहून आणखी ओरेटरी धर्मगुरू येऊ लागले. त्यांतील दिवाडी बेटाचे जाकोमे गोन्साल्विस हे १७०५ मध्ये आले. त्यांनी सिंहली व तमिळ भाषांत इतके लेखन केले की सिंहली कॅथलिक साहित्याचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. १७०४ च्या सुमारास पोप महोदयांचे प्रतिनिधी मायार द तुर्नों भारतात आले असता वाझ ह्यांना सिलोनचे धर्माधिकारी नेमण्याचा विचार पुढे आला. वाझ ह्यांनी तो मान नाकारला. १७०७ मध्ये राजा विमलधर्मसूर्य निवर्तला आणि त्याचा पुत्र नरेंद्रसिंह गादीवर आला. त्यानेही वाझ ह्यांच्यावरील लोभ कायम ठेवला.

अनवाणी पायपिटीने आणि उपासांनी त्यांचे शरीर झिजले होते. १७१० मध्ये पूर्व किनाऱ्याकडील दौऱ्यात ते आजारी पडले आणि त्यांना कँडीस आणण्यात आले. १६ जानेवारी १७११ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. चोवीस वर्षांत ते एकदाही गोव्यास परत गेले नव्हते. ते आले तेव्हा बेटावर एकही धर्मगुरू नव्हता. ते गेले तेव्हा भाविकांची संख्या सत्तर हजारांच्या घरात होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांचे दफन कँडीच्या चर्चमध्ये झाले. पुढील काळात ते चर्च नष्ट झाले आणि त्यांच्या समाधीची नेमकी जागा आज कोणास दाखविता येत नाही.

गोव्याच्या ओरेटरी संघाचे धर्मगुरू त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या सिलोनला जात राहिले. १८३४ साली पोर्तुगाल सरकारने संन्यस्त संघ बरखास्त केल्यावर ती परंपरा खंडित झाली. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबो येथे जोसेफ वाझ ह्यांना धन्यवादित घोषित केले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्याच गॉल फेस मैदानावर पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्या दिवशी समुद्रकाठच्या त्या मैदानावर जमलेल्या लाखोंच्या समुदायात सिंहली होते आणि तमिळही होते. २००९ साली संपलेल्या दीर्घ यादवी युद्धात ह्याच दोन समाजांनी एकमेकांचे फार रक्त सांडले होते. जोसेफ वाझ ह्यांनी त्या दोघांची भाषा शिकून घेतली होती. एकीची तोंडओळख तुतीकोरिन येथे झाली, आणि दुसरी ते कँडीच्या तुरुंगात शिकले.